माडाआडून लागोस

छोट्या वायरलेस ब्रॉडबँड कंपनीचे शेअर घेतलेत ना? मग पहिलं पथ्य: तिचं कनेक्शन घरी असेल तर ते विसरून जा.

कठीण आहे, मला ठाऊक आहे. गोव्यात फोंड्याला आमच्या गच्चीवर जीआय पाइपला बांधलेला थाळीएवढा रेडिओ आहे. समोरच्या डोंगरावरच्या टॉवरकडे त्याने एकटक बघत राहायचं, मध्ये काही येऊ द्यायचं नाही, एवढाच त्याचा धर्म. मध्ये शेजाऱ्यांचा माड आहे. मे महिन्यात सुकी चुडतं थोडंफार नेट जाऊ देतात. मिरग लागला, पानं भिजली, की पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल त्या ओल्या पानांतच जिरतो. मग तंत्रज्ञ येतो, पान्याने रेडिओ सूतभर फिरवतो, माडाकडे बघतो आणि विचारतो, "काका, पाडेली कधी येतो तुमच्याकडे?" नारळ पाडणारा हा पाडेली म्हणतो, पाऊस आहे तोवर मी चढणार नाही. त्याचंही बरोबरच आहे.

तर हे सगळं विसरायचं, कारण कंपनी आता नायजेरियातल्या लागोस शहरात धंदा करायला निघाली आहे. नावही पोर्तुगीज, म्हणजे आपल्याला घरचंच.

बातमी येताच मत द्या. त्यासाठी वाचावं लागतं हा गैरसमज आहे. शेअर बाजाराला पाठवलेल्या पत्रात 'सामंजस्य करार' असेल. त्यातला 'करार' तेवढा मोठ्याने वाचा. 'बंधनकारक नाही' हे खाली कुठेतरी असतं, तिथपर्यंत उतरू नका. मग भाजीपावच्या बिलामागे गणित मांडा: लागोसची लोकसंख्या कोटीच्या वर, त्यातले फक्त एक टक्का आपले. हा एक टक्का कोणालाही खोडता येत नाही. तिथे स्पेक्ट्रम कोणाचा, परवाना मिळाला का, वीज गेली की टॉवरच्या जनरेटरला डिझेल कोण घालणार, असं विचारणारा एखादा प्रत्येक टेबलावर असतोच. त्याचा चहा तुम्ही सांगा, म्हणजे तो गप्प बसेल.

नाही बसला तर तो क्लिअरवायर काढेल. अमेरिकेतली ही कंपनी २००७ साली २५ डॉलरने बाजारात आली, आयर्लंड-बेल्जियम-स्पेनपर्यंत अँटेना लावून बसली आणि २०१३ मध्ये स्प्रिंट या दूरसंचार कंपनीने तिचे उरलेले शेअर ५ डॉलरने उचलले. उत्तर पाठ करून ठेवा: "त्यांचं वायमॅक्स हे जुनं बिनतारी तंत्र होतं, आपलं वेगळं आहे." वेगळं काय, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. नायराचा विषय निघाला, तर मात्र जरा जपून. जून २०२३ मध्ये नायजेरियाने चलनाचा दर मोकळा सोडला, नायरा आपटला आणि एअरटेल आफ्रिकेसारख्या धिप्पाड कंपनीचं ते आर्थिक वर्ष तोट्यात गेलं. यावर म्हणायचं, आपली कंपनी इतकी लहान आहे की असले धक्के तिच्या डोक्यावरून जातात.

आता पैसा. विस्ताराला तो लागतोच, म्हणून प्रवर्तक स्वतःला वॉरंट, म्हणजे आज ठरलेल्या भावात पुढे शेअर घ्यायचा हक्क, देतील. याने तुमचा ऊर भरून यावा. नियम असा, की वॉरंटची निदान २५ टक्के रक्कम आधी भरायची, बाकीची १८ महिन्यांच्या आत. लागोस चाललं तर ते उरलेली भरतील आणि ठरल्या भावात शेअर घेतील. नाही चाललं, तर चौथाईवर पाणी सोडून मोकळे. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी शंभर टक्के भरून बसलात. एवढा विश्वास प्रवर्तकांनासुद्धा जमला नाही!

सप्टेंबरात वार्षिक सभा. ती व्हिडिओवर असते, त्यामुळे जेवणाचा खर्च वाचतो (त्यांचा). बाहेर पाऊस, समोर माड. एमडी "ग्लोबल" म्हणता म्हणता आ वासून गोठतील. घाबरू नका. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, दुसऱ्या कंपनीचा असला तरी चालेल, आणि विस्ताराच्या ठरावाला 'बाजूने' दाबून टाका. मग पाडेल्याला फोन लावा. चतुर्थी आली, गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीला नारळ लागतीलच, तेवढ्यात चार चुडतंही उतरवून घ्या.