पाव्हणी

संत्र्याच्या मुलखात फुलाचं कौतुक होतं ते त्याच्या मागून फळ येतं म्हणून. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटला की वरूड-मोर्शीकडचं सगळं शिवार घमघमतं, आणि त्या वासात उभा राहून आमचा माणूस एकच हिशेब करतो, की यातली गळ किती होणार. बाकीची फुलं देवाची. जास्वंद गणपतीची, रुई मारुतीची, झेंडू दसऱ्याचा. नुसतं बघत बसायला फूल लावणं हा उद्योग आमच्या गावात एखाद्या रिटायर मास्तरालाच शोभतो. गावात रिटायर मास्तर एकच आहे. तो मी.

लेक नेदरलँडला असते. दोन वर्षांमागच्या मे महिन्यात, इकडे पारा ४५ वर टेकलेला असताना, तिने व्हिडिओ कॉलवर तिथल्या बाजारातली फुलं दाखवली. एकेक फूल पानकोबीएवढं. पाकळीवर पाकळी, जणू गुलाबाला कुणी एकावर एक तीन नऊवारी नेसवल्या आहेत. “बाबा, या पिओनी.” मी कूलरसमोर बनियनवर बसलो होतो. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं होतं, डोक्यातलंही संपत आलं असावं. मी जाहीर केलं, की यंदा आपल्या अंगणात पिओनी येणार.

खाटेवरून माय म्हणाली, “कोन पाव्हणी येऊन राह्यली बाप्पा? कोनाकडची?”

तेव्हापासून तिचं नाव पाव्हणी पडलं. पुढच्या दीड वर्षात तिने जे आमच्या घरी केलं, ते पाहता मायचे कान खराब आहेत असं मी पुन्हा कधी म्हटलं नाही.

सहा महिने अभ्यास केला. दोनशे पानी वही भरली. मास्तरकीची सवय, समोर कुणी बसलं की शिकवल्याशिवाय राहवत नाही. ओट्यावर शेजारचे नानाजी बसले की त्यांचा तास सुरू. पिओनीचे मुख्य प्रकार तीन. पहिली जमिनीतली : हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, खाली कंद झोपतो, वसंतात लाल कोंब काढतो. हिच्यात ‘फेस्टिवा मॅक्सिमा’ नावाची पांढरी जात १८५१ ची, म्हणजे आपल्याकडे रेल्वे सुरू व्हायच्याही आधीची. आणि ‘सारा बर्नहार्ट’ नावाची गुलाबी, फ्रान्समध्ये १९०६ साली निघालेली, तिकडच्या एका नाटकातल्या बाईच्या नावाची. दुसरी झाड-पिओनी : हिचं लाकडी झुडूप होतं, हिवाळ्यात पानं झडतात पण काड्या उभ्या राहतात. ही चीनची लाडकी. तिकडे एक दंतकथा आहे. सम्राज्ञी वू झेत्यानने ऐन हिवाळ्यात हुकूम सोडला, की उद्या सकाळी बागेतली सगळी फुलं फुललेली पाहिजेत. सगळी फुलली, ही एकटी फुलली नाही. बाईंनी हिला राजधानीतून हाकलून लुओयांगला धाडलं, तिथे मात्र ही मजेत फुलली.

नानाजी म्हणाले, “राणीचं नाही आयकलं तिनं, ते तुमचं काय आयकते गुरुजी?”

हे मी वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

तिसरी इतो. जपानच्या तोइची इतो नावाच्या माणसाने पांढऱ्या जमिनीतल्या पिओनीवर पिवळ्या झाड-पिओनीचे पराग टाकून पाहिले. शेकडो वेळा फसलं, १९४८ च्या सुमाराला मूठभर रोपं हाती लागली. १९५६ साली इतो वारले आणि त्या रोपांना फुलं त्यानंतर आली. जन्मभर राबून बिचाऱ्याने स्वतःचं फूल पाहिलं नाही. इथे नानाजी पहिल्यांदा गंभीर झाले. त्यांनी आठ वर्षं वाढवलेली संत्र्याची ओळ मागे डिंक्याने गेली होती; बुंध्यातून डिंक गळून झाड वाळतं, तो रोग. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला : “याले फळ कोनतं लागते?”

तिन्हींचा एकेक नग मी मोबाइलवरून मागवला. किंमत घरात सांगितली ती खऱ्या किमतीच्या निम्मी; हिने ती निम्मी ऐकूनच कपाळाला हात लावला. नोव्हेंबरात खोकं आलं. आत लाकडाच्या भुशात दोन गाठाळ मुळ्या आणि एक काडी. ही म्हणाली, “अजी, रताळे मागवले का तुमी?”

ज्याने बायकोचं हे वाक्य तेव्हा मनावर घेतलं नाही, तो पुढे जे झालं त्याला पात्र आहे.

लावायचा दिवस. नानाजी मदतीला आले आणि सवयीने संत्र्याचा खड्डा खणला, ७५ सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. मी म्हटलं, नानाजी, जमिनीतल्या पिओनीचे डोळे, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, मातीखाली फक्त दोन इंच पाहिजेत. जास्त खोल गेली तर पानं येतात, फूल येत नाही. आता ‘डोळा’ हा शब्द आमच्याकडे पवित्र आहे. शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्यांमध्ये जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे कलम बांधतात, त्यावर तालुक्याचं पोट चालतं. डोळा म्हटल्यावर नानाजींना ही वनस्पती थोडी घरातली वाटली. पण मग झाड-पिओनीची पाळी आली. तीही कलमीच, पण तिचा जोड चार ते सहा इंच मातीत गाडायचा असतो, म्हणजे वरच्या काडीला स्वतःच्या मुळ्या फुटतात. मी जोडावर माती लोटायला लागलो तसे नानाजी खड्ड्यात उतरले आणि माझा हात धरला. “गुरुजी! जोड मातीत? चाळीस वर्सं झाले, मी पोट्ट्याहिले वरडून सांगून राह्यलो की जोड जमिनीच्या वर ठेवा, डिंक्या लागन म्हून. अन तुमी शिकेल-सवरेल मानूस जोड गाडून राह्यले?”

मी वही दाखवली. वहीला ते मानत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर जोड जमिनीच्या वर, आणि त्याला मोरचूद-चुन्याची निळसर बोर्डो पेस्ट फासलेली. मी गाडायचा, ते उकरायचे. आठवडाभर ती काडी वरखाली होत राहिली. शेवटी मीच शरण गेलो आणि तिला अर्ध्यावर सोडली, ना जपानची पद्धत ना वरूडची.

पण खरी अडचण खोलीची नव्हती, थंडीची होती. कंदाला सहा-आठ आठवडे तरी चार-पाच अंशांच्या आसपास झोप मिळाली पाहिजे, नाहीतर फूल विसरा. आमची डिसेंबरची रात्र दहा-बारा अंशांची, एखादी कडाक्याची सोडली तर. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता. तेव्हा अख्ख्या विदर्भाने शेकोटीला पाठ शेकत शिव्या दिल्या, त्यात मीही होतो. पश्चात्ताप आता होतो.

नानाजींनी मात्र नेमकं ओळखलं. “म्हंजे ताणच हाय हा. आपन नाही का डिसेंबरात संत्र्याचं पानी तोडत? झाड सुकते, पानं मलूल होते, मंग पानी सोडलं की फुलंच फुलं. तुमच्या पाव्हणीले थंडीचा ताण पायजे.” सहा महिन्यांच्या वहीत मला जे एका ओळीत लिहिता आलं नव्हतं, ते त्यांनी तंबाखू मळता मळता सांगितलं.

मग ताण द्यायचं ठरलं. झाड-पिओनीला थंडी जरा कमी चालते, म्हणून ती अंगणातच ठेवली आणि तिच्या बुडाशी रोज बर्फ. आमच्याकडे बर्फाची लादी मिळते ती लग्नात आणि उन्हाळ्यात रसवंतीवर. डिसेंबरात बर्फ मागायला गेलेला माणूस पाहून बर्फवाल्याने आधी दबक्या आवाजात विचारलं, “गुरुजी, घरी कोनी गेलं का?” नाही म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं, भाव मात्र तोच लावला. पहाटे भुशात गुंडाळून बर्फ टाकावा, दहा वाजेपर्यंत त्याचं पाणी. तेवढ्यात शाळेत जाणारी पोट्टी यायची आणि पाव्हणीच्या पायथ्याचा बर्फ उचलून चोखत जायची. एकाने तर घरून शरबताची बाटली आणली. माझा विद्यार्थी असता तर कान पिळला असता. त्याचा बाप विद्यार्थी होता, त्याचा पिळून झाला आहे.

उरल्या दोन मुळ्या, सारा आणि इतो. त्या मी जमिनीतून काढून ओलसर भुशात, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. पिकत्या फळांच्या वाफेने आतली कळी मरते, म्हणून सफरचंद, सीताफळ, केळी यांना फ्रिजबंदी. कोथिंबीर वरच्या कप्प्यात गेली आणि गोठली. लाइन गेली की मी फ्रिजच्या दारासमोर पाट टाकून बसायचो, कुणी उघडू नये म्हणून. एकदा जावई आले, त्यांना थंड पाणी हवं होतं. मी म्हटलं, माठातलं घ्या, गोड लागतं. ही महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

बारा आठवडे. नोव्हेंबरच्या शेवटापासून मोजले तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुरे होत होते. मी कॅलेंडरवर लाल गोल केला. त्या गोलाच्या आसपास काय छापलं आहे ते वाचलं नाही. महाशिवरात्र.

मी आणि नानाजी पहाटेच सालबर्डीच्या यात्रेला निघून गेलो. महादेवाचं दर्शन, गर्दीत एक चप्पल गमावली, दुपार टळल्यावर घरी आलो. ओट्यावरच गुळाचा वास. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती, पुढ्यात कढई, आणि चेहरा असा की आयुष्यात पहिल्यांदा महादेवाने फसवलं.

“बाबू, यंदाचे रताळे कडू निंगाले रे. येवढा गूळ टाकला, तूप टाकलं, इलायची टाकली. तरी कडूच.”

मी फ्रिज उघडला. कप्प्यात एकच पिशवी.

सारा बर्नहार्टचे गोल गोल काप केले होते. डोळे आधी सुरीने नीट काढून टाकले होते, बटाट्याचे काढतात तसे. लाल, टपोरे, बारा आठवड्यांच्या थंडीने नुकते जागे झालेले सात डोळे मोरीत पडले होते. मी ते एकेक वेचले. ही पदर तोंडाला लावून उभी होती. रडते असं मला वाटलं, ती रडत नव्हती.

मायने दोन काप खाल्ले होते. मी घाबरलो, आमच्या डॉक्टरला फोन लावला, पिओनी म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. ते म्हणाले, पोट बिघडलं तर आणा. मी सरळ उचलून तिला गाडीत घातलंच असतं, पण माय हलायला तयार नव्हती : उपासाच्या दिवशी दवाखाना नको. रात्रभर मी तिच्या खाटेशी जागत बसलो. पोट बिघडलं नाही. उरलेले काप अंगणात टाकले, सकाळी त्यांच्यावर मुंग्यांची रांग. पिओनीच्या कळीला गोडसर रस सुटतो आणि मुंग्या येतात, त्यांना हाकलू नये, असं वहीत लिहिलं होतं. तेवढं एक वाक्य आमच्याकडे खरं झालं, तेही गुळामुळे.

सकाळी माय उठली आणि म्हणाली, “आज रात्री पायात गोळे नाही आले.”

तिला कित्येक वर्षांचा तो त्रास. मध्यरात्री पोटरी आखडते आणि घर जागं होतं. मी म्हटलं, योगायोग. पण मास्तरकीचा किडा, शोधलं. चीनमध्ये जमिनीतल्या पिओनीचं मूळ आणि ज्येष्ठमध यांचा काढा पोटरीत गोळे आल्यावर फार जुन्या काळापासून देतात. आपल्या हिमालयातही पिओनीची एक जात उगवते, तिला तिकडे मामेख म्हणतात, आणि युनानीवाले पिओनीचं मूळ ऊदसलीब म्हणून औषधाला वापरतात. हे सगळं मी मोठ्याने वाचलं. तीच माझी चूक. मायच्या कानांचं मी आधी सांगितलंच आहे, हवं ते तिला बरोबर ऐकू येतं.

पुढचं थोडक्यात. झाड-पिओनीला मार्चमध्ये तीन पानं आली. सगळं गाव बघून गेलं. मे महिन्यात हिरवी जाळी बांधली, भोवती ओलं पोतं, समोर कूलर. लाइटचं बिल पाहून हिने विचारलं, पाव्हणी जाते कवा. पानं आधी कडेने करपली, मग पापडासारखी मोडली. काळ्या मातीला वीतभर भेगा पडल्या, त्यात ती काडी एका बाजूला कलली, आणि जुलैच्या झडीत उरलेलं मूळ सडलं. नानाजींनी उपटून पाहिलं, जोड हुंगला आणि फक्त “डिंक्या” एवढंच म्हणाले. ते खोटं आहे, पण त्या दिवशी मी वाद घातला नाही.

इतो मात्र जगली. कुंडीत मुरूम आणि शेणखत घालून लावली होती. एक लाल कोंब, त्याची दोन पानं, मग मे महिन्यात पिवळी पडून गेली. वाटलं संपली. दिवाळीनंतर कुंडी उलटी केली तर मूळ टणक आणि त्याच्यावर एक बारीक गुलाबी डोळा. मी तो हिला दाखवला, नानाजींना दाखवला, लेकीला व्हिडिओवर दाखवला. पुन्हा भुसा, पुन्हा पिशवी, पुन्हा फ्रिज. या खेपेला पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘रताळं नाही.’

कार्तिकी एकादशीला माय खाटेवरून म्हणाली, “बाबू, पायात पुन्हा गोळे येऊन राह्यले. ते पाव्हणीचं दुसरं रताळं हाय नं घरात?”

आमचा फ्रिज जुना आहे, त्याला कुलूप आहे. मी लावलं. किल्ली हिच्याजवळ असते, आणि ती कोणाच्या बाजूची आहे हे ती अजून सांगत नाही.