कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर कॉम्प्युटर बांधू नका

"घरून काम करणाऱ्यांसाठी स्वस्तात दणकट कॉम्प्युटर, ही यादी जपून ठेवा" असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मावसभावाने तो पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली : "ताई, याच यादीने पार्ट मागवतोय, चालेल ना?" नाही चालणार. ही यादी त्याच्या एकट्याकडे आलेली नाही, म्हणून उत्तर इथेच लिहिते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग, कॅबिनेटसोबत मिळतो तोच वापरा, ५०० वॅट लिहिलेलं असलं की झालं. नव्या आय-थ्रीपेक्षा जुना आय-सेव्हन केव्हाही भारी. दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड घ्याच, डोळ्यांना ताण येत नाही. रॅम चार जीबी पुरते. एसएसडी भरवशाची नसते, हार्ड डिस्क घ्या. मदरबोर्ड सगळे सारखेच. आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) सढळ हाताने लावा.

एसएमपीएसपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुकांनी मशीन संथ होईल किंवा पैसे वाया जातील. या चुकीने मात्र मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही जाऊ शकतात, आणि डिस्कवरचं काम दुकानात परत विकत मिळत नाही.

डब्यावरचा "५०० वॅट" हा आकडा वाचून काहीच कळत नाही. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो, तो वाचा. त्यात +३.३, +५ आणि +१२ व्होल्ट असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर दिलेले असतात. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाहिनीवरून घेतो. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात चार किंवा आठ पिनांची वेगळी केबल लागते, ती हीच. तेव्हा १२ व्होल्टखालचे अँपिअर घ्या आणि त्यांना १२ ने गुणा. समजा तिथे १४ अँपिअर लिहिलंय, तर हाती येतात १६८ वॅट. मग उरलेले तीनशे-साडेतीनशे कुठे गेले? ते ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात, जिथे आजच्या मशीनला त्यांचा फारसा उपयोग नाही. चांगल्या ४०० वॅटच्या एसएमपीएसमध्ये बहुतेक सगळी क्षमता १२ व्होल्टवरच मिळते.

यावर कोणी म्हणेल, ऑफिसच्या मशीनला १६८ वॅटही पुरतील की. हिशेबाने पुरतील, हे मान्य. आय-थ्री १२१०० सारखा प्रोसेसर जोर लावून ८९ वॅटपर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून आणखी चाळीस-पन्नास धरा. म्हणूनच ६५० किंवा ७५० वॅटच्या मागे लागायचं कारण नाही, खरे ३५० ते ४५० भरपूर झाले. पण वीज किती मिळते याहून ती कशी मिळते, हा प्रश्न मोठा आहे.

इंटेलची एटीएक्स (डेस्कटॉपच्या भागांचं मानक) एसएमपीएससाठीची डिझाइन गाइड खुली आहे, ती कोणीही वाचावी. १२ व्होल्टची वाहिनी ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये राहिली पाहिजे. त्या डीसी विजेवरचा तरंग, ज्याला रिपल म्हणतात, १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. काही बिघडून व्होल्टेज चढलं तर १५.६ व्होल्टच्या आत एसएमपीएसने स्वतःला बंद केलं पाहिजे. शॉर्ट सर्किट झालं तरी बंद व्हायला हवं. आणि भिंतीतली वीज गेल्यावर "पुरवठा ठीक आहे" हा मदरबोर्डला जाणारा संकेत किमान १६ मिलिसेकंद टिकला पाहिजे. हा शेवटचा आकडा घरून काम करणाऱ्याला थेट भिडतो. घरगुती यूपीएसला बॅटरीवर उडी मारायला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ मशीन एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरवर जगतं. फुकटच्या एसएमपीएसमध्ये पहिली काटछाट याच कपॅसिटरमध्ये होते. मग यूपीएस असूनही वीज गेली की मशीन रीस्टार्ट होतं आणि लोक यूपीएसची बॅटरी बदलत बसतात.

दुसरी काटछाट फिल्टरमध्ये होते, तिसरी संरक्षण देणाऱ्या सर्किटमध्ये. परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून "माझा तीन वर्षं चालतोय" असं सांगणारे भेटतात. दिसतो तेव्हा तो भलत्याच रूपात दिसतो. व्हिडिओ कॉल चालू असताना मशीन अचानक रीस्टार्ट होतं, यूएसबीचा कीबोर्ड मध्येच तुटतो आणि जोडला जातो, निळी स्क्रीन येते, फाइल करप्ट होतात. माणूस विंडोज पुन्हा टाकतो, रॅम बदलतो, आणि खरा दोषी मागे मुकाट फिरत राहतो.

"मल्टीमीटरने तपासा, बारा दाखवला की एसएमपीएस चांगला" असंही त्या मेसेजात आहे. साधा मल्टीमीटर डीसीची सरासरी दाखवतो. वर सांगितलेला रिपल त्यात दिसतच नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो आणि एसएमपीएसवर भार टाकावा लागतो. मल्टीमीटरने मेलेला एसएमपीएस कळेल, वाईट एसएमपीएस कळणार नाही.

आणि हे वाक्य तर धोकादायक आहे : "महागड्या एसएमपीएसनेही कॅबिनेटला शॉक लागतो, साध्याने लागत नाही, म्हणजे साधाच बरा." यात एक अर्धसत्य आहे, ते आधी मान्य करते. हो, चांगल्या एसएमपीएसच्या कॅबिनेटला हात लावल्यावर कधीकधी झिणझिण्या येतात. कारण असं की वीजवाहिनीतला गोंगाट गाळण्यासाठी त्यात फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. सॉकेटला अर्थिंग असेल तर तो किरकोळ प्रवाह जमिनीत जातो आणि हाताला काहीच जाणवत नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा मुख्य पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. साध्या एसएमपीएसमध्ये हे कपॅसिटर बसवायचेच टाळले असतील तर झिणझिण्या येणार नाहीत. पण म्हणून अर्थिंग आलं का? ते तुटलेलंच आहे, आणि उद्या त्याच एसएमपीएसमध्ये जिवंत तार पत्र्याला टेकली तर फ्यूज उडणार नाही, विजेचा रस्ता तुमच्या हातातून जाईल. झिणझिण्या आल्या तर वायरमनला बोलवा आणि सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगाची जाड पिन काढून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून मशीन चालवू नका.

निवडताना काय बघायचं? १२ व्होल्टचे अँपिअर, संरक्षणांची नावानिशी यादी (जास्त व्होल्टेज, जास्त प्रवाह, जास्त भार, शॉर्ट सर्किट, जास्त तापमान) आणि वॉरंटी. पाच वर्षं मिळत असेल तर उत्तम. "८० प्लस" ही खूण असावी, पण तिचा अर्थ एवढाच की २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता मिळते. रिपल किंवा संरक्षणाबद्दल ती काही सांगत नाही. स्टिकरवरही डोळे मिटून विश्वास नको. प्रमाणित मॉडेलांची यादी जाहीर असते, मॉडेल क्रमांक त्यात शोधा. मागे ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो एसएमपीएस शक्यतो सोडून द्या. ती जुनी रचना आहे, आणि २३० व्होल्टच्या सॉकेटवर खटका चुकून ११५ वर राहिला तर पहिल्याच क्षणी आत स्फोट होतो. आणखी दोन गोष्टी. एसएमपीएस उघडू नका, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट उरू शकतात. आणि मॉड्युलर, म्हणजे केबल काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका. प्लग बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते.

पैसे आणायचे कुठून? याच यादीतल्या ग्राफिक्स कार्डातून. ते घेऊच नका. ऑफिसचं काम, दोन मॉनिटर, व्हिडिओ कॉल, सगळं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर आरामात होतं. अशा बजेटात सहसा गळ्यात पडतं ते जीटी ७१० : २०१४ चं मॉडेल, त्याहून जुन्या रचनेवर बांधलेलं, आणि त्या घराण्याचे नेहमीचे ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले. आय-थ्री १२१०० मधलं ग्राफिक्स, यूएचडी ७३०, व्हीपी९ आणि एव्ही१ हे ऑनलाइन व्हिडिओचे प्रकार हार्डवेअरमध्येच उलगडतं. त्या कार्डाला हे दोन्ही जमत नाही. डोळ्यांच्या ताणाचा कार्डाशी संबंध नाही. अक्षरं पुसट दिसत असतील तर व्हीजीए केबल काढून एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट लावा आणि रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ आकड्यावर ठेवा. एकच खबरदारी : इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीत रायझन ५६०० मध्येही ते नसतं, ५६००जी मध्ये असतं. एका अक्षरासाठी मशीन काळी स्क्रीन दाखवत बसतं.

जुना आय-सेव्हन. मेसेजमध्ये आय-सेव्हन २६०० चं नाव आहे. तो २०११ चा. चार कोअर, आठ थ्रेड, ९५ वॅट. आय-थ्री १२१०० जानेवारी २०२२ चा. चार कोअर, आठ थ्रेड, मूळ ६० वॅट. कोअर तेवढेच, आणि प्रत्येक कोअर अंदाजे दुप्पट वेगाचा. आय-सेव्हन हे नाव त्या त्या पिढीपुरतं असतं. शिवाय विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसच्या फाइल आणि पासवर्ड असलेलं मशीन अशा पायावर उभं करू नये.

जुनं घेणं मुळातच चूक आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. कंपन्यांतून निघालेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप, उदाहरणार्थ सहा कोअरचा आय-फाइव्ह ८५०० असलेले, घरच्या कामाला खरोखर चांगले असतात, आणि सुटे पार्ट जोडण्यापेक्षा बहुधा स्वस्तही पडतात. त्यात एसएसडी नवी टाका आणि बायोसमध्ये (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) टीपीएम चालू आहे का ते बघा. अनेकांत एसएमपीएस आणि त्याचा प्लग कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला बसत नाही, हे आधी माहीत असू द्या.

रॅमबद्दल फार लिहायला नको. चार जीबी ही विंडोज ११ सुरू होण्याची किमान अट आहे. ब्राउझरचे पंधरा टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि एक मोठी एक्सेल शीट यांची नाही. सोळा घ्या, तेही आठच्या दोन कांड्या, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन चॅनेलमुळे त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. बोर्डवर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरा. डीडीआर४ बोर्डात डीडीआर५ बसत नाही, जोर लावू नका.

एसएसडी अचानक मरते, हे खरं आहे, आणि मेल्यावर डेटा परत मिळवणं कठीण असतं. त्यावर उपाय बॅकअप आहे. हार्ड डिस्कही मरतेच. शिवाय विखुरलेल्या छोट्या फाइल वाचताना ती सेकंदाला शंभरच्या आसपास कामं उरकते, जिथे साधी एसएसडीही हजारोंनी उरकते. विंडोज आणि प्रोग्राम ५०० जीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर (वेगवान जोडणीच्या) ठेवा, आणि हार्ड डिस्क घ्यायचीच असेल तर बॅकअपला घ्या. स्वस्त एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी सोडा. एम.टू आकाराच्या काही एसएसडी आतून साटाच (जुन्या, संथ जोडणीच्या) असतात, तेव्हा बोर्डची खाच कोणती चालवते ते मॅन्युअलमध्ये बघून मगच मागवा.

मदरबोर्ड सारखे नसतात. अनोळखी नावाचे "नवे" एच६१ बोर्ड अजून विकले जातात. तो चिपसेट (बोर्डची मुख्य चिप) २०११ चा आहे. एच६१० आणि एच६१ मध्ये एका शून्यापेक्षा बरंच अंतर आहे. एच६१० घेताना एनव्हीएमईची खाच आणि दोन मॉनिटरसाठी दोन डिजिटल आउटपुट तपासा. काही बोर्डांवर एचडीएमआय १.४ असतं, म्हणजे फोर-के फक्त ३० हर्ट्झवर, आणि माउसचा बाण ओढल्यासारखा वाटतो. तेरावी किंवा चौदावी पिढी टाकणार असाल तर बायोस त्या प्रोसेसरला ओळखेल इतपत नवं आहे का, हे विकणाऱ्याला विचारा.

राहिली थर्मल पेस्ट. प्रोसेसरसोबत आलेल्या पंख्याच्या तळाला ती आधीच लावलेली असते, वर आणखी लावू नका. वेगळी लावायचीच वेळ आली तर वाटाण्याएवढी पुरते. जास्तीची बाजूने बाहेर येते आणि सॉकेटच्या पिनांत गेली तर काढता काढता पिन वाकतात. प्रोसेसर तापतो त्यामागे बहुतेकदा पेस्ट नसते, इंटेलच्या पंख्याची एखादी पिन अर्धवट बसलेली असते. बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवायच्या आधीच पंखा बसवा, समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीजोडीने दाबा, आणि बोर्ड उलटा करून चारही पिनांची टोकं पूर्ण बाहेर आली आहेत का ते पाहा.