सँगयाँग बुडाली म्हणून सातपूर बंद?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'कोरियाची सँगयाँग बुडाली, आता महिंद्राचा नाशिकचा प्लांटही जाणार.' बातमी शिळी आणि निष्कर्ष ओढूनताणून काढलेला.

महिंद्राने 2011 मध्ये सँगयाँग ही कोरियन गाडी कंपनी ताब्यात घेतली. त्याआधी चिनी मालक सैकच्या काळातही, 2009 मध्ये, ती दिवाळखोरीमुळे कोर्टाच्या दारात गेलीच होती. म्हणजे दुखणं महिंद्राने लावलेलं नव्हे. एप्रिल 2020 मध्ये महिंद्राच्या संचालक मंडळाने आणखी पैसे ओतायला नकार दिला आणि डिसेंबरात कंपनी पुन्हा कोर्टात. पण बुडाली नाही: 2022 मध्ये कोरियाच्याच केजी ग्रुपने ती घेतली, आता नाव केजी मोबिलिटी. महिंद्राकडे तिची मालकी उरलेलीच नाही. तिचा मुख्य कारखाना कोरियात, प्योंगतेकला. तिच्या रेक्स्टन या एसयूव्हीची जुळणी आपल्याकडे व्हायची, तीसुद्धा चाकणला. नाशिकला नव्हे.