‘पॅपिलॉन’ शंभर टक्के खरी? नाही हो, मामा

खानापूरच्या मामांनी परवा एक मेसेज पाठवला. तोच मग बेळगावातल्या आणखी तीन ग्रुपवर दिसला: ‘पॅपिलॉन ही शंभर टक्के सत्यकथा. डेव्हिल्स आयलंडच्या तुरुंगातून सुटलेला हा एकटाच. फ्रान्सनं माफी दिली, यातच सगळं आलं.’

मामा, फ्रेंच कैदी हेन्री शारियेरच्या या आत्मकथेचा रवींद्र गुर्जरांनी केलेला अनुवाद मीही रात्र जागून वाचलाय. वाचनालयातल्या प्रतीची शिवण नेमकी तिथंच उसवलीय, जिथं तो नारळाची पोती घेऊन पळून जायला कड्यावरून समुद्रात उडी घेतो. सातवी लाट मोजत किती जण तिथं श्वास रोखून बसले असतील! पण ते प्रकरणच टिकत नाही.

डेव्हिल्स आयलंड हे दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाजवळच्या तीन बेटांतलं सगळ्यात लहान. ते मुख्यतः राजकीय आणि देशद्रोहाच्या कैद्यांसाठी होतं. देशद्रोहाचा खोटा आरोप झालेल्या ड्रेफस या फ्रेंच सेनाधिकाऱ्याला १८९५ ते १८९९ तिथंच ठेवलं होतं. हेन्री शारियेरला १९३१ मध्ये जन्मठेप झाली ती खुनाच्या खटल्यात. १९६९ साली पुस्तक आलं, गाजलं, आणि हा माणूस त्या बेटावर कधी नव्हताच, असं फ्रेंच अधिकाऱ्यांनी सांगितलं. बेटच नाही, तर कड्यावरची उडी कुठली?

‘एकटाच’ हे तर साफ चूक. फ्रेंच गयानाच्या त्याच कैदी वसाहतीतून रने बेलबेनोआ हा कैदी १९३५ मध्ये पळाला, १९३७ मध्ये कॅलिफोर्नियाला पोचला. त्याचं पुस्तक १९३८ चं, ‘पॅपिलॉन’च्या एकतीस वर्षं आधीचं.

माफी शिक्षेला मिळते, पुस्तकाला नाही.

शारियेर गयानाच्या त्या वसाहतीत कैदी होता, पळाला, व्हेनेझुएलात स्थिरावला, एवढं खरंच. पण इतर कैद्यांचे प्रसंग त्यानं स्वतःच्या नावावर घातले, असा आक्षेप जाणकारांनी घेतलाय, आणि मला खुपतं ते हेच. आपल्या शेजारचंच बघा. १९४३ साली वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, दादांना गोळी लागली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी गेले. उद्या कुणी तिसऱ्यानंच ‘ती गोळी मला लागली’ म्हणून पुस्तक लिहिलं, तर सांगलीकर ऐकून घेतील काय? गयानाच्या त्या कैद्यांच्या वतीनं बोलायला तर गावही नाही.

पुस्तक वाचाच, मामा. कादंबरी म्हणून मीही परत वाचीन. फक्त मेसेज पुढं पाठवणार असाल, तर ‘एकटाच’ तेवढं खोडा आणि बेलबेनोआचं नाव घाला.