चालायची घाई, बोलायला मात्र 'चार वर्षं थांबा'

'बाळ हुशार करण्याचे आजीचे उपाय' असा एक लांबलचक मेसेज सध्या आमच्याकडं बचत गटापासून माहेरच्या ग्रुपपर्यंत सगळीकडं फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. नवव्या महिन्यात लेकरू चाललं नाही तर वॉकर आणा. घरात एकच भाषा बोला आणि मोबाईलवर इंग्रजी राइम्स लावा. जिभेला मध-वेखंड चोळा. आणि एवढं करूनही बोललं नाही, तर चार वर्षं थांबा, मुलगे उशिराच बोलतात. मी अंगणवाडीच्या कामात आहे, त्यामुळं हा मेसेज मला दाखवायला रोज कुणी ना कुणी येतंच. माझं म्हणणं एवढंच आहे की जिथं थांबायचं तिथं हा मेसेज पळवतो, अन् जिथं पळायचं तिथं थांबवतो.

पहिलं वॉकरचं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या लेकरांचा अभ्यास करून 2006 साली आकडे दिले. निरोगी लेकरं आधाराशिवाय चालायला लागतात ती साधारण 8 ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही. एवढा मोठा पट्टा आहे, मग नववा महिना कुठून काढला? शंभरातली चारेक लेकरं तर रांगतच नाहीत, बसल्या-बसल्या सरकतात आणि एक दिवस उभी राहतात. दोन महिने आधी जन्मलेल्या लेकराचं वय मोजताना ते दोन महिने वजा करायचे असतात, हेही सासूबाईंना कुणीतरी सांगा.

बाजेला धरून उभं असलेलं लेकरू कधी निवांत बघा. खाली पडलेली बांगडी उचलायला गुडघे वाकवतं, अर्ध्यावर थबकतं, धपकन बसतं, परत बाजेची दोरी धरून उठतं. चालणं तिथं शिकलं जातं. वॉकरमध्ये ते झोळीत बसल्यासारखं बसून पंज्यांनी रेटा देतं. त्याला तोल सांभाळावा लागत नाही, पडल्यावर उठावं लागत नाही, स्वतःचे पायही दिसत नाहीत. वॉकरनं लेकरू लवकर चालत नाही. ओसरीच्या पायरीवरून मात्र लवकर पडतं, चुलीपाशी लवकर पोचतं. कॅनडानं 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली, ती या अपघातांमुळंच. आणि 'आजीचे उपाय' म्हणे! आज्यांचा होता तो लाकडी पांगुळगाडा. त्यामागं लेकरू स्वतःच्या पायांवर उभं राहायचं.

भाषेचं. उदगीरला मराठी-कन्नड, देगलूरला मराठी-तेलुगू, बंजाऱ्यांच्या तांड्यावर त्यांची गोरमाटी, संभाजीनगरच्या गल्लीत उर्दू. आपल्याकडं दोन-तीन भाषा कानावर घेतच लेकरं मोठी होतात आणि त्यानं बोलणं अडत नाही. तांड्यावरच्या आजीनं लेकराशी गोरमाटीतच बोलावं, पोटभर बोलावं. राहिलं मोबाईलचं. अमेरिकेत भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी 9 महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. समोर बसून चिनी बोलणाऱ्या माणसांकडून बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच व्हिडिओवर दाखवलं तर काहीच शिकली नाहीत. बाळ 'बा' म्हणालं की समोरच्यानं 'बा? बाबा कुठं गेले?' म्हणावं लागतं. मोबाईल तसं म्हणत नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच.

मधाचं एका वाक्यात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा देऊ नका, त्यातल्या जंतूंमुळं जिवावर बेतणारा बोट्युलिझम होऊ शकतो. वेखंडानं कुणी बोलत नाही.

आता 'चार वर्षं थांबा'. मला राग येतो तो याचा. मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात हे खरं, पण तो फरक फार तर काही महिन्यांचा, वर्षांचा नाही. दीड वर्षाचं होऊनही एक शब्द नाही, दोन वर्षांचं होऊनही 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. सगळ्यात आधी कान तपासायचे. 'मागून ताट वाजवलं की बघतं की!' असं प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. ताटाचा दणका मोठा असतो, हाताची सावलीही दिसते. त्याच लेकराला हळू बोललेलं, किंवा 'स', 'श'सारखे बारीक आवाज ऐकू येत नसतील, तर ते ताटानं कळत नाही. त्याला बेरासारखी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रानं बघणारी तपासणी लागते. ऐकू न येणारं बाळ सहा महिन्यांच्या आत सापडलं आणि कानाचं मशीन लागलं, तर बोलणं बरंच सावरतं. चौथ्या वर्षी आणलेल्या लेकराची भाषा शिकायची सगळ्यात मोलाची वर्षं गेलेली असतात.

याला पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासायला येतं, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. अडचण होते ती बीड-धारूरकडच्या ऊसतोड घरांची. दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो, म्हणजे घरंच्या घरं ऊस तोडायला बाहेर पडतात; लेकरू उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, आणि पथक इकडं गावात. अशा घरांनी उन्हाळ्यात परतल्यावर पहिल्या आठवड्यातच माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन अंगणवाडीताईंकडं जावं. कोणत्या वयात काय यायला हवं, ते त्या कार्डावर चित्रांसकट दिलेलं आहे. हुकलेल्या तपासणीचं मात्र ताईंना आपण होऊन विचारावं लागतं.