पोर्ट्रेट काढायला जाताय? गाडीभाड्याचं नाव काढू नका

चित्रकार महाशय, शिक्षणसंस्थेच्या संस्थापक-अध्यक्षांचं तैलचित्र काढायचं काम मिळालं, अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा. प्रवासखर्चाचा विषय आपण होऊन काढायचा नाही. समोरून 'ते बघू हो, आधी तुम्ही या तर' असं आलं की व्यवहार पक्का समजा. लेखी मागतो तो कलावंत नव्हे, कंत्राटदार.

सयाजीरावांनी राजा रविवर्म्याला १८८१ साली बडोद्याला बोलावलं आणि पुढे राजवाड्याच्या आवारात स्टुडिओ बांधून दिला. तुमच्यासाठी एसटी स्टँडवर साहेबांचा पुतण्या मोटारसायकल घेऊन उभा असेल. पाठीला इझल, मांडीवर रंगपेटी आणि तीस बाय चाळीसचा कॅनव्हास आडवा धरून मागे बसा. वारा सुटला तर तेवढंच पेट्रोल वाचेल. पुतण्याचं.

रेल्वेने जाणार असाल तर टर्पेंटाइन घरी ठेवा. ज्वालाग्राही माल डब्यात नेला तर रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (कैदेत राहण्याजेवणाचा खर्च समोरची पार्टी करते, हा भाग वेगळा.)

पोचल्यावर कळेल, साहेब पहाटेच मुंबईला गेले. परवा या. ही फेरी सिटिंगमध्ये धरत नाहीत, कारण सिटिंगला कोणी बसलंच नाही. वहिनीसाहेब मात्र जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. पांढरा रस्सा वाढता वाढता म्हणतील, "आलाच आहात, तर आमच्या नातवाचंही एक स्केच..." काढा. तुम्ही दुसऱ्यांदा वाटी पुढे केलीत तेव्हाच गाडीभाडं फिटलं.

तिकिटं तरीही जपून ठेवा. अनावरण होईल, हारतुरे होतील, आणि मग कधीतरी संस्थेचे अकाउंटंट मूळ तिकिटं मागतील. कंडक्टरच्या मशीनमधलं ते तिकीट थर्मल कागदाचं. तोवर अक्षरं उडून कोरी पट्टी उरलेली असेल. तीच अर्जाला टाचणी लावून सादर करा.

अगदीच नड असेल तर बिलात 'प्रवास' असं लिहू नका. 'कोबाल्ट ब्लू, विशेष प्रतीचा' म्हणून रक्कम घाला. अकाउंटंट चष्मा पुसून चित्रासमोर उभे राहतील आणि विचारतील, "साहेब तर टोपीपासून धोतरापर्यंत पांढरेशुभ्र. निळा कुठाय?"

म्हणून सांगतो, पाठीमागे आधीच भरपूर आकाश काढून ठेवा.