पाटी आहे, भूलतज्ज्ञ नाही

गेल्या महिन्यात भाचीला रात्री कळा सुरू झाल्या. सिंधुदुर्गातलं आमच्या तालुक्याचं सरकारी रुग्णालय घरापासून दहा मिनिटांवर. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई हजर, ऑपरेशन थिएटरला नवा एसी. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, सिझर करायचं ठरलं, आणि भूल द्यायला माणूस नाही. ती जागा रिकामी. बोलावल्यावर येणारे डॉक्टर त्या रात्री दुसऱ्या तालुक्यात. हातात रेफरची चिठ्ठी, 108ला फोन, आणि सगळे निघाले गोव्यात, बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, म्हणून हे शांतपणे लिहितोय.

मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीची जुगलबंदी. एक बाजू म्हणते, डॉक्टरांना गाव नको, शिकून झाल्यावर सरकारी सेवा करायचा बाँड कडक करा. दुसरी म्हणते, पगार वाढवा, क्वार्टर्सची गळती काढा. दोन्ही खरं. पण एकेक जागा भरून भागत नाही. भूलतज्ज्ञाशिवाय सर्जन म्हणजे बैलांशिवाय नांगर. त्या बाई ओपीडीत लोहाच्या गोळ्या लिहीत बसतात, ऑपरेशनची सवय मोडते, नि एक दिवस खासगीत जातात. भूलतज्ज्ञ मिळाला तरी एकटा माणूस वर्षाच्या 365 रात्री जागणार कसा? पाळ्या लावायच्या तर निदान चार हवेत.

मी इंग्लंडमध्ये बारा वर्षं आहे. इथेही काही गोकुळ नांदत नाही. इमर्जन्सीत आलेल्या 95 टक्के लोकांचं चार तासांत काय ते व्हावं, हे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं, उद्दिष्ट 2015 नंतर गाठलं गेलेलं नाही. केरळ-फिलिपिन्सच्या नर्सेस उद्या निघून गेल्या तर कितीतरी वॉर्डांना कुलूप लागेल. आमच्या गावात मिडवाइफ कमी पडल्या म्हणून प्रसूती विभागच बंद केला. लोक फलक घेऊन उभे राहिले, मीही होतो. पण बंद म्हणजे बंद. गरोदर बाईला ते सहाव्या महिन्यातच माहीत असतं, ती थेट लांबच्या मोठ्या रुग्णालयात नाव घालते. आपल्याकडे पाटी तशीच, दिवा तसाच, आणि खरं काय ते कळा सुरू झाल्यावर समजतं.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं: तीन तालुक्यांत एकेक तज्ज्ञ विखरून ठेवण्यापेक्षा एकाच ठिकाणी पुरी टीम ठेवा, आणि बाकी ठिकाणी ‘इथे सिझर होत नाही’ असं दारावर स्पष्ट लिहा. जिल्ह्याच्या मुख्यालयात, ओरोसला, सरकारी मेडिकल कॉलेज आहेच. 2018 मध्ये बांबोळीला बाहेरच्या रुग्णांना शुल्क लागलं, तेव्हा आपल्याकडे, गोव्याच्या सीमेवरच्या दोडामार्गात, आंदोलन झालं. गोव्यावर रागावण्यापेक्षा आपल्या रिकाम्या खुर्च्यांवर रागवायला हवं होतं.

काकांचा लगेच व्हॉइस मेसेज: “तू थंय बसान आमचा हॉस्पिटल बंद करतस? ती 108 सकाळी परत इली. रातभर तालुक्यात दुसरी गाडी नव्हती. आधी तेचा बोल.”

गाडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या मागणीत आता भूलतज्ज्ञांच्या आधी दोन गाड्या आहेत.